बाईची रोजनिशी : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(बी. ए. द्वितीय वर्ष)

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. अमक्या साली अमका गादीवर बसला, तमक्या साली तमका तह झाला, एवढे पाठ केले की परीक्षेपुरता इतिहास संपतो. परंतु त्या लढाईच्या दिवशी घरोघरी चुली पेटल्या होत्या की नाही, दळण कोणी दळले, पाणी किती लांबून आणले, आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर कोण बसले, हे कोणत्या बखरीत लिहिले आहे? हा प्रश्न मला पडला त्याला कारण माझे गाव.

मी पेडगावची. पहिल्या वर्षी वर्गात गावाचे नाव सांगितले तेव्हा मागच्या बाकांवर हसू पिकले. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार सर्वांच्या ओठांवर होता. वास्तविक त्या वाक्प्रचारातले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले, लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. त्या पेडगावचे नाव मोगल-मराठ्यांच्या इतिहासात येते, आमच्या पेडगावचे येत नाही. मग आमच्या गावाला इतिहासच नाही काय? तेथेही शेकडो वर्षे माणसे राहिली, पिकली, उपाशी राहिली, मेली. त्यांतील निम्म्या तर बायाच होत्या. त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? या प्रश्नाचे एक उत्तर स्त्रियांच्या रोजनिश्या, पत्रे व आठवणी यांत मिळते, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच माझ्या अल्पमतीप्रमाणे विचार केला आहे.

रोजनिशी आणि आठवण

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिली जाते. लिहिणाऱ्याला उद्या काय घडणार हे ठाऊक नसते. आठवणी किंवा आत्मचरित्र मात्र सर्व घडून गेल्यावर, मागे वळून लिहिले जाते. त्यामुळे आठवणींत मोठे प्रसंग राहतात आणि लहान गोष्टी गळून जातात. रोजनिशीत उलट घडते. तिच्यात मोठ्या प्रसंगांपेक्षा दूध, दळण, पाऊस, पाहुणे यांचीच नोंद अधिक. वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते, पण इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके हेच हवे असते. पत्र हे या दोहोंच्या मधले. ते त्या दिवशीचे असते, पण दुसऱ्यासाठी लिहिलेले असते.

याचे एक उत्तम उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेतील मेन प्रांतात हॅलोवेल या गावी मार्था बॅलार्ड नावाची सुईण होती. तिने १७८५ पासून १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, रोज दोनचार ओळी लिहिल्या. कोणाचे बाळंतपण केले, नदी गोठली की नाही, किती सूत निघाले, कोणी पैसे दिले आणि कोणी बुडवले, एवढेच. आठशेहून अधिक बाळंतपणांची नोंद तिच्या या वहीत आहे. ही रोजनिशी बरीच वर्षे अभ्यासकांना ठाऊक होती, पण ‘बाईमाणसाच्या क्षुल्लक गोष्टी’ म्हणून ती बाजूला राहिली. पुढे लॉरेल थॅचर उलरिक या विदुषीने त्याच क्षुल्लक नोंदी एकापुढे एक मांडल्या आणि १९९० साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळी बायका कापूस-लोकर-सूत यांचा किती मोठा व्यवहार आपसांत करीत होत्या, हे पुरुषांच्या जमाखर्चाच्या वह्यांत कोठेच नव्हते. ते एका सुईणीच्या वहीत सापडले. नोंद क्षुल्लक नव्हती, पाहणाऱ्याची नजर तोकडी होती, असेच म्हणावे लागेल.

मराठी स्त्रीने काय लिहून ठेवले?

मराठीत स्त्रियांच्या जुन्या रोजनिश्या फारशा आढळत नाहीत. आत्मचरित्रे व पत्रे मात्र आहेत, आणि ती फार मोलाची आहेत.

सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. ती १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांतील. त्यांतील शेवटचे पत्र जुन्नर भागातून, दुष्काळाच्या दिवसांत लिहिलेले आहे. जनावरे मरत आहेत, माणसे गाव सोडून जात आहेत, सावकार अडलेल्यांना नाडत आहेत आणि सत्यशोधक मंडळी मदतीसाठी धावत आहेत, असे चित्र त्यात आहे. १८७६-७७ चा दुष्काळ सरकारी अहवालांतही आहे. पण अहवाल कचेरीत बसून लिहिला जातो. हे पत्र दुष्काळात उभे राहून लिहिलेले आहे. या दोहोंत फरक पडणारच.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्यांचे निधन झाले. त्यांनी रोजनिशी ठेवली असती तर किती बरे झाले असते! तरीपण त्यांच्या पत्रांतून परदेशातली थंडी, नेसण्याच्या अडचणी, जेवणाचे प्रश्न, एकटेपण हे सारे कळते. या पत्रांच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले. म्हणजे एका बाईने पत्रे लिहिली आणि दुसरीने ती जपून त्यांतून ग्रंथ उभा केला. काशीबाई स्वतः लग्नानंतर लिहावाचावयास शिकल्या होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० सालचे. न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक कार्याची माहिती आपणांस अनेक ग्रंथांतून मिळते. पण त्याच वाड्यात एक अकरा वर्षांची मुलगी पाटीवर अक्षरे गिरवीत होती आणि त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे ऐकत होती, हे रमाबाईंनी लिहिले म्हणून कळले. सुधारणेची लढाई सभागृहात जितकी झाली तितकीच माजघरात झाली.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे! आपण १८५७ चा अभ्यास मीरत, कानपूर, झाशी असा करतो. त्या उठावाची एक झळ नाशिकजवळच्या एका घरातील मिठाच्या भांड्यापर्यंत पोहोचली होती, हे कोणत्या इतिहासकाराला दिसले असते? ते त्या घरच्या लेकीलाच दिसले.

ही सारी नावे बहुतांशी पांढरपेशा घरांतली आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध, पण आज तो इतिहासाचे अस्सल साधन मानला जातो. कॉलेजच्या अंकात लिहिताना आपल्यासारख्यांनी हे विसरू नये. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ ही दोन्ही पुस्तके १९८६ साली प्रसिद्ध झाली. बेबीताई फलटणला लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लपून लिहीत. ते लिखाण घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी कित्येक वर्षे दडवून ठेवले होते.

रोजनिश्या कमी का?

येथे प्रश्न असा येतो की मराठी बाईने आठवणी लिहिल्या, मग रोजनिशी का लिहिली नाही?

पहिले कारण अक्षरांचे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील शंभर स्त्रियांत नऊसुद्धा पुऱ्या साक्षर नव्हत्या. दुसरे कारण वेळेचे. रोजनिशी दिवस संपल्यावर लिहावयाची असते, आणि बाईचा दिवस संपतो तेव्हा तिचे डोळेही मिटलेले असतात. तिसरे कारण जागेचे. कुलूप लागेल अशी पेटी, बसता येईल असा कोपरा आपल्या घरांत किती बायकांना मिळाला? चौथे आणि सर्वांत मोठे कारण भीतीचे. आपले लिहिलेले कोणी वाचील, ही ती भीती. बंगालमधील राससुंदरी देवींनी धार्मिक पोथीचे एक पान स्वयंपाकघरात लपवून, चोरून अक्षरओळख करून घेतली. त्यांचे आत्मचरित्र १८७६ साली प्रसिद्ध झाले. जिथे वाचणेसुद्धा चोरून, तिथे रोज लिहिणे कसे घडणार?

म्हणून मराठी बाई साधारणतः म्हातारपणी लिहिते. सासू गेली, मुले मोठी झाली, थोडी उसंत मिळाली आणि भीती सरली की ती आठवणी सांगते. तोवर निम्मे आयुष्य विसरले गेलेले असते.

जात्यावरची रोजनिशी

परंतु लेखणी नव्हती म्हणून बाई गप्प होती असे नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंचे उदाहरण घ्या. गोदाकाठच्या या मुलीने पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून आयुष्य काढले. भक्ती म्हणून आपण त्यांचे अभंग गातो. पण एखाद्याने त्यांतील कामांची यादी करून पाहावी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणे, शेण वेचणे. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या एका मोलकरणीचा सबंध दिवस त्यात आहे. देव मदतीला आला तोही जात्याशीच आला. राजवाड्यातल्या दिनचर्येचे कागद पुष्कळ मिळतील, पण त्या काळच्या दासीचा दिवस तिच्याच तोंडून ऐकावयाचा तर जनाबाईंकडेच यावे लागेल.

हीच परंपरा जात्यावरच्या ओव्यांची. माहेर, सासर, भाऊ, लेक, पाऊस, महागाई, पुढे पुढे तर डॉ. आंबेडकर आणि रेल्वेगाडीसुद्धा ओवीत आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्याही ओव्या आहेत. जाते हीच बाईची वही होती. पहाटे तिच्याजवळ दुसरे कोणी नसे, म्हणून तेथे ती मनातले बोले. पिठाची गिरणी आली, बायकांच्या हातांचे कष्ट वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. पण वहीही मिटली.

आमच्या घरातला दुष्काळ

आता थोडे घरचे सांगते. इतिहासाच्या सरांनी आम्हांला ‘स्थानिक साधने’ या विषयावर टिपण करावयास सांगितले होते. मी आजीपाशी वही घेऊन बसले. आजी म्हणाली, “काय लिव्हायलीस गं? आमचं काय लिव्हण्यासारखं हाय?” मी म्हटले, “आजी, तू बहात्तरच्या दुष्काळाचं सांग.”

मग आजी दोन रात्री सांगत होती. ती तेव्हा वीस वर्षांची होती. कामावर खडी फोडावयास जात होती. फोडलेल्या खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे, म्हणून बायका ढिगाच्या पोटात मोठे दगड लपवीत आणि मुकादम काठीने ढीग उसकटून पाही. काठ्यांवर गोधडी टाकून तिच्या सावलीत लेकरे निजवीत. लाल मिलोची भाकरी थापताना तुटे. सुकडी मिळे ती बाया स्वतः न खाता पदराला बांधून घरी आणीत. माझे मोठे चुलते त्याच उन्हाळ्यात झाले, आणि बाराव्या दिवशी आजी पुन्हा कामावर हजर होती. “हजेरीत नाव कटलं असतं,” एवढेच तिने कारण सांगितले.

बोलता बोलता आजी म्हणाली, “दुष्काळ तीन सालं व्हता.” मला वाटले, म्हातारी चुकते आहे. पुस्तकात तर १९७२ लिहिले आहे. पुढे ग्रंथालयात पाहिले तेव्हा कळले की अभ्यासक या दुष्काळाला १९७० ते १९७३ चा दुष्काळ म्हणतात. पाऊस आधीपासूनच तुटला होता, बहात्तर साली कळस झाला. आजीचे बरोबर होते, मीच कच्ची होते. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे आपण शिकतो. त्या कायद्याच्या पायाशी माझ्या आजीने फोडलेली खडी आहे, हे मात्र मला त्या रात्री कळले.

आजीची प्रत्येक गोष्ट अशी खरी ठरली नाही, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. रझाकारांच्या काळाचे ती डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगते. पण निजामी राजवट संपली १७ सप्टेंबर १९४८ रोजी, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. नीट विचारल्यावर कळले की ते तिच्या सासूने सांगितलेले होते. म्हणून साधन कोणतेही असो, ते पारखून घ्यावे. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, पाहिलेले की ऐकलेले, कोणाला उद्देशून, आणि काय गाळले, हे प्रश्न राजाच्या सनदेला जसे विचारावेत तसेच बाईच्या आठवणीलाही विचारावेत. मात्र सनदेवर पटकन विश्वास आणि बाईच्या बोलण्यावर पटकन शंका, हा भेदभाव नको.

कॅलेंडरच्या पाठीमागे

या टिपणाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट घडली. वह्यांना कव्हर घालावे म्हणून मी खुंटीवरची जुनी कॅलेंडरे काढली. माझी माय चौथीपर्यंत शिकलेली. कालनिर्णयाच्या चौकोनांत तिने बारीक अक्षरांत काही लिहिलेले असते, हे मी लहानपणापासून पाहत होते, पण कधी वाचले नव्हते. गाय व्याली त्या तारखेला खूण. दुधाचे आकडे. सिलिंडर लावल्याचा दिवस. बचत गटाचा हप्ता. आजीच्या दवाखान्याची तारीख. मामा येऊन गेल्याचा दिवस. कोणी सांगितले नसताना, कोणाला दाखवण्यासाठी नसताना, माझी माय वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत आली होती!

त्यांत दोन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतच्या काही चौकोनांत ‘ह’ आणि ‘प’ अशी अक्षरे होती. मी विचारले तेव्हा माय प्रथम काही बोलेना. मग म्हणाली, “ह म्हंजी हरबरा, प म्हंजी पऱ्हाट्या.” हरभरा काढण्याचा रोज आणि वाळलेल्या पऱ्हाट्या उपटण्याचा रोज. स्वतःच्या घरचे काम उरकून ती दुसऱ्यांच्या शेतांत गेली होती, त्या दिवसांची ती हजेरी होती. जूनच्या पानाखाली बेरीज होती, आणि बेरजेपुढे एकच शब्द होता, ‘फी’.

त्या साली मी बारावी झाले आणि कॉलेजात आले. प्रवेशाचे पैसे कोठून आले, हे मी कधी विचारले नव्हते. बाबांनी दिले एवढेच मला ठाऊक होते. काउंटरवर पैसे बाबांनीच मोजले होते. कॉलेजच्या पावतीवर माझे नाव आहे, अर्जावर पालक म्हणून बाबांची सही आहे. मायचे नाव कोठेही नाही. उद्या कोणी आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधराचा इतिहास लिहू लागला आणि फक्त पावती व अर्ज पाहिला, तर त्याला माय दिसणार नाही. ती फक्त त्या कॅलेंडरवर आहे. आणि ते कॅलेंडर मी वहीला कव्हर म्हणून फाडणार होते.

स्त्रियांची रोजनिशी हे इतिहासाचे साधन का, याचे उत्तर मला या एका पानाने दिले.

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकजण आपल्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुले-मुली आहोत. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या घरांत पत्रांच्या पेट्या आहेत, आमच्या घरांत नाहीत. पण आमच्या घरांत आजी आहे, मायच्या कॅलेंडरवरच्या खुणा आहेत, बचत गटाच्या वह्या आहेत, भिंतीवर ओढलेल्या दुधाच्या रेघा आहेत. घराला रंग दिला की रेघा जातील, आणि आजीचे काय सांगावे? हे काम कोणी विद्वान येऊन करणार नाही. ते आपणच केले पाहिजे. दिवाळीच्या सुटीत एक वही घालून आजीपाशी, मावशीपाशी बसावे. तिच्या भाषेत, ती बोलते तसेच लिहावे, सुधारू नये. तारीख आठवत नसेल तर कोणाच्या जन्माच्या वेळी, कोणत्या दुष्काळात, किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर, असे विचारावे. बायकांची सनावळी अशीच असते आणि ती पुष्कळदा बरोबर निघते. तिने जे सांगू नको म्हटले ते लिहू नये. आणि मुलींनी स्वतःसाठी रोज चार ओळी लिहाव्यात. आपल्याला अक्षरे आहेत, थोडाबहुत वेळ आहे, एवढे भाग्य आजीला नव्हते.

मी ती कॅलेंडरे आता कापडात बांधून ट्रंकेत ठेवली आहेत. माय हसते आणि म्हणते, “रद्दी कशाला जपायलीस?” मी तिला या लेखाविषयी अजून सांगितलेले नाही. अंक हाती आला की तिला वाचून दाखवीन. तिला वाचता येते, पण छापील ओळींत आपले काही असेल, असे तिला वाटणार नाही, म्हणून मीच वाचीन.